टेस्ट सर्टिफिकेटची एक्सएमएल फाईल तपासायची तर कुठली स्कीमा भाषा घ्यावी?

प्रश्न असा आला आहे: कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत ईआरपी आणि क्वालिटी लॅबचं सॉफ्टवेअर सांभाळणारा एक तरुण लिहितो की, तीन ग्राहकांनी कास्टिंगचं टेस्ट सर्टिफिकेट पीडीएफसोबत एक्सएमएलमध्येही (म्हणजे टॅगांत माहिती मांडलेल्या, संगणकाला वाचता येणाऱ्या फाईलीत) मागितलंय. फाईल गेटबाहेर पडण्याआधी तपासली गेली पाहिजे. फाईलीत काय, कुठे असावं याचे नियम लिहायच्या भाषांना स्कीमा भाषा म्हणतात. डीटीडी, एक्सएसडी, रिलॅक्स एनजी आणि स्कीमाट्रॉन अशी चार नावं समोर आहेत, शिकायला वेळ एकाच भाषेपुरता आहे. कुठली घेऊ?

आधी उत्तर देतो, कारणं मागून. ग्राहकाच्या हातात द्यायला एक्सएसडी, तीही १.० आवृत्ती. तुमच्या कारखान्याचे नियम तपासायला स्कीमाट्रॉन. एक्सएसडी नीट शिका, स्कीमाट्रॉनला एक शनिवार-रविवार द्या. कामापुरतं तेवढ्यात येतं. रिलॅक्स एनजी मला या चौघांत सगळ्यात जास्त आवडते, तरी तुमच्या परिस्थितीत तिच्यापासून सुरुवात करा असं सांगणार नाही. डीटीडी या कामाला घेऊ नका.

या भाषांची एकमेकींशी तुलना करणारे लेख वाचून गोंधळ होतो, कारण त्यात सगळ्या एकाच कामाच्या उमेदवार असल्यासारख्या मांडलेल्या असतात. तुम्ही फाउंड्रीत आहात, तुमच्याकडे रोज काय होतं ते बघा. कास्टिंगचा आकार बरोबर आहे का हे पॅटर्नवरून ठरतं. भोक मापात आहे का हे गो-नो-गो गेज सांगतं. पण धातू योग्य आहे का, हे गेजला कधीच कळणार नाही. त्याला स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूतली मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावर, नमुना ठेवावा लागतो. एक्सएमएल फाईलचंही तसंच आहे. कुठल्या टॅगमध्ये कुठला टॅग, हा एक प्रश्न. टॅगमधलं मूल्य संख्या आहे की तारीख, हा दुसरा. आणि ही मूल्यं एकमेकांशी जुळतात का, हा तिसरा. फाउंड्रीला ज्याचा खरा त्रास होतो तो तिसराच.

एक छोटं सर्टिफिकेट घेऊ. टॅग मराठीत लिहिलेत, एक्सएमएलला ते चालतात. हीट म्हणजे भट्टीतली एक वितळण, सीई म्हणजे कार्बन इक्विव्हॅलंट, त्याचं गणित पुढे येईल.

<सर्टिफिकेट हीट="के-२१७" ग्रेड="एसजी ५००/७">
  <तारीख>२०२४-०३-१५</तारीख>
  <रसायन>
    <कार्बन>३.६२</कार्बन>
    <सिलिकॉन>२.४५</सिलिकॉन>
    <मँगनीज>०.२८</मँगनीज>
    <फॉस्फरस>०.०३</फॉस्फरस>
    <मॅग्नेशियम>०.०४२</मॅग्नेशियम>
  </रसायन>
  <सीई>४.४५</सीई>
</सर्टिफिकेट>

डीटीडीचं आधी उरकून टाकू. ती एसजीएमएल या एक्सएमएलच्या आधीच्या भाषेकडून वारशाने आली. एसजीएमएलचं आयएसओ मानक १९८६ चं. एक्सएमएल १.० फेब्रुवारी १९९८ मध्ये आलं आणि नेमस्पेसची (टॅग कुणाच्या शब्दसंग्रहातला हे सांगणाऱ्या सोयीची) शिफारस त्यानंतर, जानेवारी १९९९ मध्ये. म्हणून डीटीडीला नेमस्पेस कळत नाहीत. टॅगच्या आतलं सगळं तिच्या लेखी मजकूर. कार्बनच्या जागी 'भरपूर' लिहिलं तरी फाईल पास. त्याहून गंभीर गोष्ट सुरक्षेची. डीटीडीत एंटिटी नावाची सोय असते, एका नावामागे मोठा मजकूर ठेवण्याची. एक एंटिटी दहा वेळा दुसरीत, ती दहा वेळा तिसरीत, असं करत नऊ पायऱ्या चढलं की काही ओळींची फाईल उघडताना १०० कोटी तुकडे तयार होतात आणि सर्व्हरची मेमरी संपते. बाहेरची एंटिटी वापरून तुमच्या सर्व्हरवरची फाईल वाचून नेण्याचा प्रकारही याच दारातून होतो. त्यामुळे ग्राहकाकडून किंवा कुठूनही बाहेरून येणारी एक्सएमएल वाचताना पार्सरमध्ये, म्हणजे फाईल वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, डीटीडी बंद ठेवा. शास्त्रीय नियतकालिकांच्या प्रकाशनात डीटीडी अजून मानाने वापरली जाते, तिथे तिची सोय आहे. तुमचं काम आकड्यांचं आहे.

आता एक्सएसडी. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने ती २ मे २००१ ला मंजूर केली. तिच्यात ४४ तयार प्रकार आहेत, १९ मूळ आणि २५ त्यांच्यापासून काढलेले. तारीख, दशांश, पूर्णांक, सगळं हाताशी. पण तुम्ही ती घ्यायची त्याचं कारण हे प्रकार नाहीत. कारण असं की पलीकडच्या माणसाकडे तिची हत्यारं आधीच आहेत. डॉटनेटमध्ये ती अंगभूत आहे, जावात आहे, पायथनच्या एलएक्सएमएलमध्ये आहे, आणि एक्सएसडीवरून थेट क्लास तयार करून मिळतात. ग्राहकाच्या आयटी विभागाला फाईलसोबत एक्सएसडी दिली की ते दुसऱ्या दिवशी कामाला लागतात. दुसरं काही दिलं तर आधी चार मेल येतात.

एक्सएसडी शिकताना बहुतेक जण टॅगांची रचना शिकतात आणि मूल्यांकडे दुर्लक्ष करतात. मार तिथेच बसतो, म्हणून इथे जरा थांबतो. वरच्या नमुन्यातले अंक मी देवनागरीत ठेवलेत. डोळ्याला फाईल बरोबर दिसते आणि ती सुघटितही आहे, म्हणजे एक्सएमएलच्या लिखाणाचे नियम पाळते. पण एक्सएसडीचा दशांश प्रकार आणि तारीख प्रकार फक्त इंग्रजी अंक स्वीकारतात, त्यामुळे यातली प्रत्येक संख्या नापास होईल. ते योग्यच आहे. गंमत नियमित पॅटर्नमध्ये, म्हणजे मूल्य कसं लिहावं हे खुणांनी सांगणाऱ्या साच्यामध्ये, आहे. एक्सएसडीत बॅकस्लॅश-डी या खुणेचा अर्थ 'युनिकोडमधला कुठलाही दशमान अंक' असा आहे. म्हणजे पिनकोडसाठी 'बॅकस्लॅश-डी सहा वेळा' असा पॅटर्न लिहिलात तर ४१६००३ देवनागरीतही बिनतक्रार पास होतो.

हे मी कागदावर वाचून सांगत नाही. राजारामपुरीत माझं ऑफिस नवं होतं तेव्हा एका कारखान्याच्या डिस्पॅचची एक्सएमएल मी केली होती. पत्ते भरणाऱ्या मॅडम मराठी कीबोर्डवर टाईप करायच्या. माझी स्कीमा सगळं हिरवं दाखवत होती आणि पलीकडच्या डेटाबेसमध्ये पिनकोडचा रकाना रिकामा जात होता, कारण तिथला प्रोग्रॅम त्याचा पूर्णांक करायला जायचा आणि गप्प बसायचा. चूक सापडायला मला चार दिवस लागले. तेव्हापासून मी चौकोनी कंसात इंग्रजी शून्य ते नऊ असंच स्पष्ट लिहितो, आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांकडून पहिल्याच आठवड्यात हे करून घेतो.

दुसरी जागा दशांशांची. 'दोनच दशांश स्थळं' अशी मर्यादा एक्सएसडीत घालता येते, पण ती मर्यादा मूल्यावर असते, लिहिण्यावर नाही. ३.६ पास होतो, ३.६२० सुद्धा पास होतो, कारण शेवटच्या शून्याने मूल्य बदलत नाही. लॅबच्या दृष्टीने मात्र ३.६ आणि ३.६० वेगळे: दुसऱ्यात मोजमापाची अचूकता सांगितलेली आहे. ग्राहकाला दोन स्थळं दिसायलाच हवी असतील तर पॅटर्न लिहावा लागतो.

टॅग मराठीत ठेवायचा मोह मलाही झाला होता, आणि मी तो सोडला. वरचा मँगनीज बघा. 'म'वर चंद्रबिंदू देऊन तो लिहिता येतो, किंवा 'म'वर आधी अर्धचंद्र आणि मग अनुस्वार देऊनही. बहुतेक फॉन्टमध्ये दोन्ही सारखेच दिसतात, पण एक्सएमएल नावांची तुलना अक्षरसंकेतांवरून करतं, त्याच्यासाठी ते दोन निराळे टॅग आहेत. सुरुवातीचा टॅग एका पद्धतीने आणि शेवटचा दुसऱ्या पद्धतीने टाईप झाला की फाईल वाचलीच जात नाही, आणि स्क्रीनवर चूक दिसतही नाही. टॅग रोमन लिपीत ठेवा. मराठी कुठे हवी ते पुढे सांगतो. तिथे ती फार हवी आहे.

एक्सएसडीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, कारण त्याच तुम्हाला स्कीमाट्रॉनकडे नेतात. तुमच्या स्पेक्ट्रोचं सॉफ्टवेअर मूलद्रव्यं ज्या क्रमाने देतं तो क्रम सेटिंग बदललं की बदलतो. क्रम कुठलाही चालेल असं सांगायला एक्सएसडी १.० मध्ये 'ऑल' गट आहे, पण त्यात प्रत्येक टॅग जास्तीत जास्त एकदाच येऊ शकतो, आणि तो गट दुसऱ्या गटात मिसळता येत नाही. एका हीटचे दोन नमुने घेतले आणि कार्बन दोनदा द्यायचा झाला की अडलं. शिवाय एक्सएसडीचा आग्रह असा की पुढचा टॅग वाचल्या क्षणी तो स्कीमातल्या कुठल्या ओळीतला हे पुढे न बघता ठरलं पाहिजे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण 'आधी ऐच्छिक शेरा, नंतर सक्तीचा शेरा' एवढी साधी रचनासुद्धा त्यामुळे नाकारली जाते.

सगळ्यात मोठी अडचण मॅग्नेशियमची. एसजी आयर्न या ओतीव लोखंडात ग्राफाईट गोल व्हायला मॅग्नेशियम लागतं, साधारण ०.०३ ते ०.०५ टक्के शिल्लक राहावं लागतं. ग्रे आयर्नच्या एफजी २६० ला ते मागण्यात अर्थ नाही. म्हणजे नियम असा: ग्रेड एसजी असेल तर मॅग्नेशियम सक्तीचं, नाहीतर नको. एका ॲट्रिब्यूटच्या (टॅगच्या कंसातच लिहिलेल्या, नमुन्यातल्या ग्रेडसारख्या गोष्टीच्या) मूल्यावरून दुसरा टॅग सक्तीचा करणं एक्सएसडी १.० ला जमत नाही. एप्रिल २०१२ मध्ये आलेल्या १.१ ला जमतं. तिथे अट लिहिता येते आणि ॲट्रिब्यूटवरून प्रकारही बदलता येतो. मग १.१ च का नको? कारण डॉटनेटमधली अंगभूत तपासणी १.० वरच थांबली आहे, एलएक्सएमएलच्या पोटातली लिबएक्सएमएल२ सुद्धा. जावातल्या झर्सीसमध्ये आणि सॅक्सनच्या पैसे देऊन घ्यायच्या आवृत्तीत १.१ चालते. तुमच्या ग्राहकाकडे यातलं काय आहे हे तुमच्या हातात नाही. त्यांनी लेखी कळवल्याशिवाय १.१ पाठवू नका.

रिलॅक्स एनजीबद्दल मला मनापासून बोलायचंय. मुराता माकोतो यांची रिलॅक्स आणि जेम्स क्लार्क यांची ट्रेक्स या दोन भाषा एकत्र करून ती झाली. २००१ च्या शेवटी ओॲसिस या मानकं बनवणाऱ्या संस्थेने ती प्रसिद्ध केली आणि २००३ मध्ये ती आयएसओ मानक झाली. तिचं आटोपशीर लेखनरूप कागदावर हाताने लिहून शेजारच्याला समजावता येतं. वरच्या सर्टिफिकेटची संपूर्ण व्याख्या वहीच्या अर्ध्या पानात बसते, एक्सएसडीला त्याच्या कितीतरी पट जागा लागते. तिच्यात ॲट्रिब्यूट आणि टॅग यांना एकच नियम लागू, म्हणून 'ग्रेड एसजी ५००/७ आणि सोबत मॅग्नेशियम, किंवा ग्रेड एफजी २६० आणि मॅग्नेशियम नाही' हे ती सरळ लिहून देते. क्रमाचं बंधन नको असेल तर दोन गोष्टींमध्ये एक खूण टाकायची, झालं. कार्बन कितीही वेळा येवो. ऐच्छिक शेऱ्यामागे सक्तीचा शेरा आला तरी ती कुरकुरत नाही. ओपन डॉक्युमेंट, डॉकबुक ५, ॲटम फीड या सगळ्यांच्या व्याख्या तिच्यात लिहिल्या गेल्या आहेत.

तिची आणखी एक सवय मला पटते: ती फाईल फक्त तपासते, बदलत नाही. एक्सएसडीत ॲट्रिब्यूटला डीफॉल्ट मूल्य देता येतं आणि तपासणीनंतर ते मूल्य फाईलमध्ये आपोआप आल्यासारखं होतं. ज्याने तपासणी केली त्याला 'एकक: टक्के' दिसतं, ज्याने न तपासता फाईल वाचली त्याला काहीच दिसत नाही. एकच सर्टिफिकेट, दोन माणसांना दोन अर्थ. एक्सएसडी लिहिताना डीफॉल्ट कधीही देऊ नका.

मग तिला पहिली का घ्यायची नाही? तिच्याकडे स्वतःचे संख्या-तारखांचे प्रकार नाहीत, ते ती एक्सएसडीकडून उसने घेते. म्हणजे एक्सएसडीचा तो भाग शिकावा लागतोच. आणि ग्राहक शेवटी एक्सएसडी मागणार. ट्रँग नावाचं क्लार्क यांचंच हत्यार रिलॅक्स एनजीवरून एक्सएसडी काढून देतं, पण उलट दिशेने नाही, आणि जे एक्सएसडीला सांगता येत नाही ते सैल करून टाकतं. तीन ग्राहकांच्या तीन वेगवेगळ्या रचना पुढे एकत्र आणायची वेळ आली, तर मात्र मूळ व्याख्या रिलॅक्स एनजीत ठेवा आणि ट्रँगने एक्सएसडी काढा. माझ्या ऑफिसात आम्ही तसंच करतो. तुमच्याकडे आत्ता एकच माणूस आहे, तुम्ही.

आता स्कीमाट्रॉन, ज्यासाठी मी हे सगळं लिहितोय. रिक जेलिफ यांनी तैवानमध्ये, ॲकॅडेमिया सिनिकात असताना १९९९ मध्ये ती काढली. २००६ मध्ये आयएसओ मानक झाली. तिच्यात व्याकरण नसतंच. तुम्ही एक्सपाथमध्ये, म्हणजे फाईलमधला टॅग शोधायच्या छोट्या भाषेत, जागा सांगता आणि तिथे काय खरं असलं पाहिजे ते लिहिता. अट मोडली की काय म्हणायचं, ते वाक्यही तुम्हीच लिहिता, तुमच्या भाषेत.

या शेवटच्या गोष्टीचं मोल तिसऱ्या पाळीला कळतं. रात्री दोन वाजता लॅबमधला मुलगा सर्टिफिकेट सेव्ह करतो आणि एक्सएसडीची तपासणी त्याला सांगते: 'सीव्हीसी कॉम्प्लेक्स टाईप २.४.बी', अमुक घटकाचा मजकूर अपुरा, तमुक अपेक्षित, तेही इंग्रजीत. तो काय करणार? सकाळी तुम्हाला फोन करणार, आणि ट्रक तोवर उभा. स्कीमाट्रॉनमधून त्याच जागी असं येतं: 'हीट के-२१७: ग्रेड एसजी आहे, पण मॅग्नेशियमचा आकडा नाही. स्पेक्ट्रोवर नमुना पुन्हा घ्या.' हीट नंबर संदेशात आपोआप भरता येतो. तो मुलगा उठून नमुना घेतो. चूक ज्याच्या हातून झाली त्यालाच ती त्याच्या भाषेत, त्याच मिनिटाला कळली पाहिजे. स्कीमा भाषा निवडताना हा मुद्दा मी सगळ्यात वर ठेवतो, आणि तुलनेच्या तक्त्यांत नेमका तोच सापडत नाही.

सीईचा नियमही तिथेच. कार्बन इक्विव्हॅलंट म्हणजे कार्बन अधिक सिलिकॉन व फॉस्फरसच्या बेरजेचा तिसरा भाग. नमुन्यात ३.६२ अधिक २.४८ भागिले ३, म्हणजे ४.४४६…, सर्टिफिकेटवर ४.४५. दिलेल्या आणि काढलेल्या आकड्यात ०.०१ पेक्षा जास्त फरक नको, एवढी अट पुरते. बरोबर बरोबरी मागू नका, राउंडिंगमध्ये अडकाल. एलएक्सएमएलमधलं स्कीमाट्रॉन एक्सपाथ १.० वर चालतं आणि त्यात निरपेक्ष मूल्य काढायचं फंक्शन नाही, म्हणून 'फरक ०.०१ पेक्षा कमी आणि उणे ०.०१ पेक्षा जास्त' असं दोन्ही बाजूंनी लिहा.

तीन खाचा सांगून ठेवतो, यात मी स्वतः पडलोय. पहिली: स्कीमाट्रॉनच्या एका पॅटर्नमध्ये (इथे पॅटर्न म्हणजे रूलचा गट) एकाच टॅगला लागू होणारे दोन रूल असले तर पहिलाच चालतो, दुसरा मुकाट सोडून दिला जातो. मॅग्नेशियमचा रूल आणि सीईचा रूल दोन्ही सर्टिफिकेट टॅगवर असतील तर ते दोन वेगळ्या पॅटर्नमध्ये ठेवा, किंवा एकाच रूलमध्ये दोन अटी लिहा. दुसरी: फाईलला नेमस्पेस असेल आणि स्कीमाट्रॉनमध्ये तुम्ही तो जाहीर केला नाहीत, तर तुमचा एक्सपाथ काहीच शोधत नाही, रूल एकदाही चालत नाही, आणि निकाल येतो 'चूक नाही'. हे सगळ्यात घातक, कारण ते यशासारखं दिसतं. यावर उपाय एकच: मुद्दाम बिघडवलेल्या फाईलींचं एक फोल्डर ठेवा. मॅग्नेशियम काढलेली एक, सीई चुकवलेली एक, देवनागरी पिनकोडची एक, उलट्या तारखेची एक. नियमात काही बदल केलात की आधी या फाईली चालवा आणि प्रत्येक नापास होते का बघा. तिसरी: स्कीमाट्रॉन कधीही एकटी चालवू नका. जे टॅग तिने विचारले नाहीत ते तिला दिसतच नाहीत, आणि संख्येच्या जागी मजकूर आला तर बेरीज बिघडून भलताच संदेश येतो. आधी एक्सएसडी, ती पास झाली तरच स्कीमाट्रॉन.

ही जोडी माझ्या मनातली नाही. युरोपातल्या ई-इन्व्हॉइसच्या ईएन १६९३१ मानकाची तपासणी अशीच चालते: यूबीएल या एक्सएमएल स्वरूपातल्या बिलाची रचना एक्सएसडीने, आणि बेरजा-करांचे नियम स्कीमाट्रॉनने. तुमच्या तीन ग्राहकांतला कुणी युरोपातला असेल तर त्यांच्या आयटीला हे नवं वाटणार नाही.

सोमवारी कामाला लागण्याआधी तिघांनाही एक मेल करा: त्यांच्याकडे सर्टिफिकेटची स्वतःची एक्सएसडी आहे का? असेल तर ती जशीच्या तशी वापरा, तिच्यात एक अक्षरही बदलू नका, आणि तुमचे नियम शेजारी स्कीमाट्रॉनच्या वेगळ्या फाईलीत ठेवा. नसेल तर तुमची एक साधी एक्सएसडी लिहून तिघांनाही तीच पाठवा. ग्रेडनुसार रसायनाच्या मर्यादा मात्र एक्सएसडीत घालू नका. त्या पर्चेस ऑर्डरगणिक बदलतात, आणि दर वेळी ग्राहकाला नवी स्कीमा पाठवणं परवडत नाही. ग्रेड आणि त्यांच्या मर्यादांची एक छोटी एक्सएमएल यादी करा, स्कीमाट्रॉनमधून 'डॉक्युमेंट' फंक्शनने ती वाचा, आणि ती यादी सांभाळायचं काम क्वालिटीच्या साहेबांकडे द्या. मर्यादा बदलली की ते स्वतः आकडा बदलतील.